कपाळावरचा हक्क

वयपरत्वे कपाळावर आणि डोळ्यांच्या कडांशी उमटणाऱ्या सुरकुत्या औषधाची सुई टोचून नाहीशा करून घ्याव्यात की नाही, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सधन वस्त्यांपुरता आहे, आणि पावसाची वाट पाहण्यात व सोयाबीनच्या भावाची चौकशी करण्यात ज्याचे निम्मे आयुष्य जाते त्या धाराशिव जिल्ह्याला त्याच्याशी काही कर्तव्य नाही, असे मानण्याची सोय आता उरलेली नाही. उमरगा-लोहाऱ्याकडच्या मुली पुण्यात नोकऱ्या करतात आणि सणावाराला गावी येताना तिथले प्रश्नही बरोबर आणतात; सोलापूर आणि लातूर येथे त्वचारोगतज्ज्ञांचे दवाखाने आहेत आणि तिथवरचा रस्ता फार लांबचा नाही; शाळेत, बँकेत, पंचायत समितीत निवृत्तीच्या वयापर्यंत नोकरी करणाऱ्या स्त्रियांची एक मोठी पिढी आज या जिल्ह्यात पन्नाशीला पोचली आहे; आणि पूर्वी आरशात दिवसातून एकदा भेटणारा स्वतःचा चेहरा आता मोबाइलच्या पडद्यावर घडोघडी समोर येऊन उभा राहतो. प्रश्न आलेला आहे, फक्त तो दबक्या आवाजात विचारला जातो. त्याला दोन उत्तरे ठरलेली आहेत. एक, ‘या वयात ही थेरं कशाला?’ आणि दुसरे, ‘ज्याची त्याची मर्जी.’ पहिले उत्तर देणाऱ्याला समोरच्या स्त्रीची कैफियत ऐकायचीच नसते, आणि दुसरे उत्तर देणाऱ्याला ती ऐकण्याची तसदी टाळायची असते. यास्तव ही दोन्ही उत्तरे बाजूला ठेवून या प्रश्नाचा सावकाश विचार करावा, असे मला वाटते.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. बोट्युलिनम नावाचे हे विष एका जिवाणूपासून उत्पन्न होते आणि मनुष्याला ज्ञात असलेल्या विषांमध्ये ते सर्वांत उग्र गणले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग राज्यात नासलेली सॉसेजे, म्हणजे आतड्यात मांस भरून केलेले पदार्थ, खाऊन माणसे दगावू लागली, तेव्हा युस्टिनुस केर्नर या वैद्याने, जो कवी म्हणूनही ख्यातकीर्त होता, त्या रुग्णांची सविस्तर टिपणे करून १८२० आणि १८२२ मध्ये ती प्रसिद्ध केली, त्या विषाचा प्रयोग स्वतःवर करून पाहिला, आणि जे विष स्नायूंना निश्चल करते तेच अत्यल्प मात्रेत स्नायूंच्या अनावर चळवळीवर औषध ठरू शकेल, असा तर्कही नोंदवून ठेवला. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीसाठी जमलेल्या वादकांना डुकराचे खारवलेले मांस खाऊन विषबाधा झाली, आणि त्या मांसातून एमिल व्हान एर्मेन्गेम याने हा जिवाणू वेगळा काढला. केर्नरचा तर्क खरा ठरण्यास दीडशे वर्षे जावी लागली. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को येथील नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर या विषाचा उपयोग सुरू केला, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये तिरळेपणासाठी व पापण्या अनावरपणे मिटण्याच्या विकारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. त्याच सुमारास कॅनडातील व्हँकूव्हर शहरात जीन कारुथर्स या नेत्रतज्ज्ञ स्त्रीच्या ध्यानात आले की, पापण्यांच्या विकारासाठी सुई घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही मावळतात. तिचे पती ॲलिस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ होते. उभयतांनी १९९२ मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि २००२ च्या एप्रिलमध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठी हे औषध अमेरिकेत अधिकृत झाले.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, ज्या औषधाला आपण चैनीची वस्तू म्हणून नाके मुरडतो ते मुळात ज्यांना डोळे उघडे ठेवता येत नव्हते अशा माणसांच्या उपयोगी पडलेले औषध आहे. मेंदूच्या पक्षाघाताने ज्या मुलांच्या पायांचे स्नायू आखडलेले असतात त्यांना आजही त्याचा आधार मिळतो, आणि जुनाट अर्धशिशीवरही ते दिले जाते. औषधाला शील नसते. ते कोणाच्या हातात, कोणाच्या इच्छेने आणि कोणत्या भयापोटी येते, यावर त्याची परीक्षा व्हायची असते.

सुई घेण्याचा प्रसंग पाहणाऱ्याला अगदी साधा वाटतो. शीतपेटीतून काढलेल्या छोट्या कुपीच्या तळाशी, दिसेल न दिसेल असा पांढरा थर असतो. त्यात सलाईनचे पाणी मिसळतात. डॉक्टर समोर बसवून ‘जोरात आठ्या घाला’ असे सांगतात, आणि भुवयांच्या मध्यभागी जो स्नायू गोळा होऊन वर येतो त्यावर पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके देतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बहुधा पाच ठिपके आणि मिळून वीस युनिट औषध. मुंगी चावावी तसे पाच चटके बसतात, दहा मिनिटांत सारे आटोपते, आणि चार तास आडवे होऊ नका, कपाळ चोळू नका, एवढे बजावून घरी पाठवतात. पुढे तीन-चार दिवसांत मज्जातंतूंचा निरोप स्नायूपर्यंत पोचेनासा होतो, पंधरवड्यात परिणाम पूर्ण होतो, आणि तीन ते चार महिन्यांनी तंतू पुन्हा कार्यक्षम होऊन स्नायू हालू लागतो. म्हणजे ही मुदतीची वस्तू आहे. वर्षातून तीन वेळा तिचे नूतनीकरण करावे लागते आणि प्रत्येक वेळी काही हजार रुपये मोजावे लागतात. चेहरा हालला की उमटणाऱ्या रेघांवर तिचा उपाय चालतो. चेहरा स्थिर असतानाही कोरल्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या रेघा तिने सौम्य होतात, पुसल्या जात नाहीत. कधी पापणी खाली उतरते, कधी एक भुवई वर आणि एक खाली राहते, डोके दुखते. हे बहुधा काही आठवड्यांत निवळते. गर्भवतीने, अंगावर पाजणाऱ्या मातेने, आणि स्नायूंच्या दुर्बलतेचे काही विशिष्ट विकार असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बनावट औषध टोचल्यामुळे माणसे रुग्णालयात दाखल झाली आणि तिथल्या प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. तेव्हा ब्यूटी पार्लरच्या मागच्या खोलीत, स्वस्तात, ओळखीने ही सुई घेणे म्हणजे विषाशीच सौदा करणे होय, आणि त्या बाबतीत दुसरे मत संभवत नाही.

आता मूळ वादाकडे वळू. या सुईला विरोध करणारे बहुतेकजण पहिला आक्षेप घेतात तो असा की, देवाने दिलेल्या चेहऱ्यात ढवळाढवळ करणे कृत्रिम आहे. हा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. धाराशिवपासून जवळच असलेले तेर हे गाव एकेकाळी तगर नावाने रोमपर्यंत ज्ञात होते, आणि तिथल्या मातीतून रामलिंगप्पा लामतुरे यांनी जे गोळा केले, ते त्यांच्याच नावाच्या वस्तुसंग्रहालयात जाऊन ज्याने पाहिले असेल, त्याला शंखाच्या बांगड्या, रंगीबेरंगी मणी आणि ती सुप्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहताना हे कळून चुकते की, दोन हजार वर्षांपूर्वीची इथली स्त्रीदेखील देवाने दिलेल्या देहावर संतुष्ट राहून बसलेली नव्हती. आपल्या आज्यांनी कपाळावर आणि हनुवटीवर गोंदून घेतले, तेही सुईनेच, आणि तो हिरवा ठिपका त्यांच्याबरोबर सरणापर्यंत गेला. साठी उलटलेले पुरुष दर पंधरवड्याला केसांना कलप लावतात आणि त्यांना कोणी खोटे म्हणत नाही. देहाला हात लावणे हाच जर दोष असेल, तर त्या दोषातून कोणताही समाज सुटलेला नाही.

माझ्या मते प्रश्नाचे मर्म नैसर्गिक-अनैसर्गिकात नाही. आपल्याकडे स्त्रीच्या कपाळावर लिहिण्याचा हक्क कोणाचा, यात ते आहे. या भागात तिचे कपाळ कधीच तिचे एकटीचे नव्हते. जन्मानंतर पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पुजून कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, कारण सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. मग गोंदणारीण येते. मग लग्नात कुंकू येते, आणि त्या कुंकवाच्या आकारावरून, जागेवरून, असण्या-नसण्यावरून येणारा-जाणारा तिची सगळी हकिगत वाचू शकतो. पती निवर्तला की तेच कुंकू पुसण्यास दुसऱ्याच बायका पुढे सरसावतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे हे विधी बंद केले, आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे सांगितले. विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकाच्या बाविसाव्या वर्षी एखाद्या गावाला एका स्त्रीच्या कपाळासंबंधी ठराव करावा लागतो, यावरून त्या चार बोटे जागेवर किती जणांचा कब्जा होता, याची कल्पना यावी.

त्याच कपाळाचे दुसरेही एक रूप या जिल्ह्याने जपले आहे. तुळजापुरात नवरात्रात गेले असता महाद्वाराच्या पायऱ्यांवर आराधी स्त्रिया बसलेल्या असतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात परडी, आणि भुवयांपासून थेट केसांच्या रेषेपर्यंत भरलेला मळवट. मी अशा एका वृद्धेजवळ बराच वेळ बसले होते. घामाने मळवट जागोजाग भिजला होता, आणि कपाळावरची प्रत्येक आठी त्या लाल थरातून गडद रेघेसारखी वर आली होती. कुंकू खोल रेघांत साचत होते आणि उंचवट्यांवरून उतरत होते, त्यामुळे वय झाकले जाण्याऐवजी अधिकच स्पष्ट दिसत होते. लोक तिच्या पाया पडत होते, आणि तिला त्यात नवल वाटत नव्हते. तुळजापूरचा मळवट पुरुषही भरतात, आणि तो सौभाग्याचा हिशेब विचारत नाही; माणूस देवीचा आहे, एवढेच तो सांगतो. स्त्रीच्या कपाळावर इतरांनी लिहिलेला मजकूर आणि तिने स्वतः भरून घेतलेला मजकूर यांत किती अंतर असते, ते मला त्या पायरीवर दिसले.

सुईचा निवाडा मी याच कसोटीवर करू इच्छिते. ती घेणाऱ्या स्त्रीने आपल्या कपाळासंबंधीचा निर्णय स्वतः केला आहे, की कुंकू पुसणाऱ्या हातांच्या जागी केवळ नवे हात आले आहेत? ‘तिने संमती दिली’ एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही, आणि हे आमच्या भागाइतके कोणाला ठाऊक असणार? शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये उघडकीस आला, तेव्हा राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. कळंब, वाशी, भूम, परंडा येथूनही टोळ्या त्याच वाटेने साखर कारखान्यांकडे जातात. शस्त्रक्रियेपूर्वी कागदावर सही किंवा अंगठा घेण्याचा रिवाज सगळीकडे आहे. पण खाडा पडला की दंड, पाळीच्या दिवसांत विसाव्याला जागा नाही, आणि डॉक्टरने कॅन्सरचे भय घातलेले, अशा स्थितीत दिलेल्या अंगठ्याला संमती म्हणायचे असेल तर जबरदस्तीला नाव कोणते द्यायचे? ती यातना आणि कपाळावरची सुई यांची बरोबरी करणे मला पाप वाटेल; मी ती करत नाही. पण देहासंबंधीचा निर्णय मोकळ्या माळावर होत नसतो, त्याच्यामागे कोणाचा तरी तगादा असतो, हे त्या अनुभवाने आम्हाला शिकवले आहे, आणि ती शिकवण लहान प्रश्नांनाही लागू पडते.

येथे मला सुईच्या विरोधकांना एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. सुरकुत्या या अनुभवाच्या खुणा आहेत, त्या अभिमानाने मिरवाव्यात, असा उपदेश नेहमी ऐकू येतो. एके काळी त्यात तथ्य होते. निजामाच्या अमदानीत जशी सनद दाखवली की वतनाचा उपभोग मिळे, तशी घरातल्या वृद्धेच्या कपाळावरची प्रत्येक रेघ ही सनद होती, आणि तिच्यामागे खरेखुरे वतन होते: बी कोणते राखायचे, बाळंतिणीला कधी उठवायचे, दुष्काळात ज्वारीचे पेव कधी फोडायचे, भावकीतला तंटा कुठे मिटवायचा, याचा हुकूम ती देत असे आणि तो चाले. आज बियाणे दुकानातून येते, बाळंतपण रुग्णालयात होते, धान्य रेशनवर मिळते, तंटे तहसीलला जातात. या बदलांतले कित्येक इष्टच होते, बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रिया वाचल्या हे काही थोडे नाही. परंतु वतन गेले आणि सनद तेवढी कपाळावर राहिली. ज्या घरात वृद्धेला मोबाइलवरची बातमीही कोणी वाचून दाखवत नाही, तिच्या औषधाच्या गोळ्यांखेरीज तिच्याशी बोलायला विषय नसतो, त्याच घरातल्या माणसांनी तिच्या सुनेला ‘वय स्वीकारायला शिक’ असे सांगावे, हा मला अन्याय वाटतो. म्हातारपणाला पूर्वी जो मान होता तो परत देण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांना म्हातारपणाच्या खुणा जपण्याचा आग्रह धरण्याचा अधिकार पोचत नाही. पन्नाशीची स्त्री सुईची दरखास्त घेऊन दवाखान्यात जाते, तेव्हा तिच्या त्या कृतीत आपल्या समाजाची जी परीक्षा असते तिच्याकडे आपण पाहत नाही, आणि तिच्या मोहाची चर्चा करत बसतो.

सुईच्या बाजूने मला सर्वांत सबळ वाटलेला युक्तिवाद मात्र कोणा शास्त्रज्ञाकडून आला नाही. तो कळंब तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या माझ्या स्नेही बाईंकडून आला. त्यांच्या भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या आहेत, खोल आणि समांतर. उन्हात डोळे बारीक करून सायकल दामटण्याच्या वर्षांत त्या पडल्या आणि चाळिशीनंतर कायम झाल्या. शांत बसल्या तरी त्या संतापलेल्या दिसतात. तिसरीतली मुले वही पुढे करताना विचारतात, “बाई, तुम्ही आमच्यावर रागावलात का?” आणि ज्या मुलाला हा प्रश्न विचारण्याचे धैर्य नसते ते वही दप्तरातच ठेवून देते. “ताई,” त्या मला म्हणाल्या, “माझं तोंड माझ्याविषयी खोटं सांगतंय. मला तरुण दिसायचं नाही हो, मला न रागावलेलं दिसायचंय.” या वाक्याने मला बराच काळ विचारात टाकले. चेहरा म्हणजे सत्य आणि औषध म्हणजे असत्य, ही विभागणी त्यांच्या बाबतीत उलटी होते. तिथे आठी हाच खोटा आरोप आहे, आणि सुई तो आरोप खोडून काढते. त्यांना कोणी सुचवले नव्हते, पतीचा आग्रह नव्हता, नोकरीला धोका नव्हता. निर्णयाचा हक्क पूर्णतः त्यांच्या हाती होता, आणि कारणही इतके स्वच्छ की त्याला आक्षेप घेण्यास मला जागा दिसेना.

तरीही एका बाबतीत माझे मन अडते, आणि ते लपवणे योग्य होणार नाही. सुई ज्या स्नायूला निद्रिस्त करते तो केवळ रेघ उमटवणारा स्नायू नाही. तो चिंतेचा, नापसंतीचा, सहवेदनेचा स्नायू आहे. दुसऱ्याचे दुःख ऐकताना आपली भुवई आपल्या नकळत आकसते, आणि सांगणाऱ्याला तिथेच कळते की आपले म्हणणे पोचले. २०१० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी भुवयांमध्ये ही सुई घेतलेल्या स्त्रियांना सुई घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर निरनिराळी वाक्ये वाचायला दिली. आनंदाची वाक्ये त्या पूर्वीच्याच वेगाने वाचत होत्या, रागाची आणि दुःखाची वाक्ये वाचायला मात्र त्यांना किंचित अधिक वेळ लागू लागला. एका लहान प्रयोगावर मोठा सिद्धांत उभारू नये, आणि सुई घेतलेली माणसे पाषाणहृदयी होतात असे म्हणणे तर शुद्ध अन्याय होईल. याच सुईने विषण्णतेच्या काही रुग्णांना आराम पडल्याची निरीक्षणेही प्रसिद्ध झालेली आहेत. तथापि आमच्याकडे चार बायका कट्ट्यावर बसून एकमेकींचे ऐकतात तेव्हा निम्मे संभाषण कपाळाने होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लोहारा तालुक्यातली सास्तूरसारखी गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, त्यानंतरच्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांजवळ बोलायला शब्द नव्हते; कपाळावर पडलेल्या आठ्या हेच त्यांचे सांत्वन होते. त्या स्नायूची किंमत करताना केवळ आरशापुढे उभे राहू नये, समोर माणूस बसवून ती करावी, एवढे माझे म्हणणे आहे.

आणखी एक गोष्ट या चर्चेत बहुधा निसटते. सुरकुती वयाने पडते असे आपण म्हणतो, पण ती वयाइतकीच, किंबहुना अधिक, उन्हाने पडते. २०१२ मध्ये एका ख्यातनाम अमेरिकन वैद्यक नियतकालिकात एका ट्रकचालकाचे छायाचित्र आले होते. वय ६९, त्यातली २८ वर्षे गाडीच्या काचेशेजारी. खिडकीकडचा डावा गाल दुसऱ्या गालापेक्षा कितीतरी वृद्ध, जाड आणि घड्या पडलेला. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, तेव्हा सोलापूर-धुळे महामार्गावर ट्रक हाकणाऱ्यांचा उजवा गाल कोणी निरखून पाहावा. सोयाबीनची खुरपणी करणारी परंड्याची तिशीतली बाई शहरातल्या पंचेचाळिशीच्या बाईपेक्षा थकलेली दिसते, त्यात वयाचा काही दोष नाही. ती उन्हाची, अपुऱ्या अन्नाची, लवकर झालेल्या लग्नाची आणि तोंडातल्या तंबाखूची नोंद आहे. ज्यांच्या चेहऱ्यावर सर्वांत अधिक सुरकुत्या आहेत त्यांच्यापर्यंत ही सुई कधीच येणार नाही, आणि त्यांना तिची गरजही नाही. त्यांना रोजगार हमीच्या कामावर सावली हवी, कायद्याने ती देणे बंधनकारकही आहे. शाळकरी मुलींना पन्नाशीनंतरची सुई दाखवण्यापेक्षा आज डोक्यावर छत्री, टोपी, निदान लांब पदर घेण्याची सवय लावणे अधिक शहाणपणाचे आहे, आणि त्याला खर्चही नगण्य येतो.

मग निर्णय कसा करावा? मी एकच प्रश्न स्वतःला विचारण्यास सुचवीन: चार महिन्यांची मुदत संपल्यावर पुन्हा दवाखान्यात न जाण्याचे स्वातंत्र्य मला वाटते का? हौस म्हणून, प्रयोग म्हणून, किंवा त्या शिक्षिकेसारखे एखादे स्वच्छ कारण म्हणून घेतलेली सुई सोडून देता येते. रेघा परत येतात, आणि माणूस त्यांना पाहून फारसे दचकत नाही. परंतु नवरा दुसरीकडे पाहील म्हणून, कचेरीत आपल्याला निवृत्तीपूर्वीच निवृत्त समजतील म्हणून, मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीत विहीणबाई काय म्हणतील म्हणून घेतलेली सुई सोडता येत नाही, कारण भयाला मुदत नसते. औषध उतरते आणि भय तिथेच उभे असते. ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली तेव्हा म्हातारपणी पुन्हा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषांना त्यांनी जाब विचारला होता. तो जाब आजही अनुत्तरित आहे, आणि जोवर पुरुषाच्या पांढऱ्या केसांना भारदस्तपणा आणि स्त्रीच्या सुरकुतीला ओहोटी समजले जाते, तोवर या दुसऱ्या प्रकारच्या सुया घेणाऱ्या स्त्रियांना दोष देण्याआधी मी त्या भयाच्या मालकांना दोष देईन. तिच्या कपाळासंबंधी पतीने, मुलांनी, जावेने न विचारता मत देऊ नये. विचारले तर प्रामाणिकपणे द्यावे, आणि निर्णय काहीही झाला तरी पुन्हा त्याचा उल्लेख काढू नये.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. मी सुई घेणार नाही. मी साठी ओलांडली आहे; माझ्याकडे आपली गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या मुली माझ्या कपाळाकडे पाहत बोलतात, आणि त्यांना तिथे काही दिसावे असे मला वाटते. हे माझे कारण आहे. ते दुसऱ्या कोणावर बंधनकारक नाही, आणि कळंबच्या त्या बाईंवर तर मुळीच नाही.

त्यांचा विचार अजून चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्या सोलापूरला त्वचारोगतज्ज्ञांना भेटायला जाणार आहेत आणि मी सोबत यावे अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून मी जाणार आहे. विचारायच्या गोष्टी आम्ही कागदावर उतरवून ठेवल्या आहेत: डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी कोणती, कुपी कोणत्या कंपनीची आणि ती आमच्यासमोर उघडणार का, वीज गेल्यावर शीतपेटी किती वेळ टिकते, पापणी उतरली तर पुन्हा कोणाकडे यायचे, आणि आठ्या पूर्णपणे न घालवता थोड्या ठेवता येतील का. हा शेवटचा प्रश्न बाईंनी स्वतःहून घातला आहे. मुलांनी वर्गात दंगा केला तर कधीतरी खरोखरच रागवावे लागते, असे त्यांचे म्हणणे आहे.